पावसात ठेवलेली भिंत

माझ्या जमिनीवर घर उभं राहायच्या आधी एक भिंत उभी राहिली. तिला छप्पर नव्हतं, दार नव्हतं, ती कशाला जोडलेलीही नव्हती. पेडण्यातल्या आमच्या गावच्या रस्त्यावरून ती सरळ दिसायची आणि येणारा-जाणारा थांबून विचारायचा, ही भिंत कसली? मी सांगायची, "पावसात ठेवायची आहे." त्यावर लोक आधी माझ्याकडे बघत, मग भिंतीकडे बघत, आणि पुढे जात.

मी नर्स होते. नोकरीची सगळी वर्षं भाड्याच्या खोल्यांत गेली. म्हापशात, डिचोलीत, मधली काही साखळीला. लग्न केलं नाही. निवृत्त झाले तेव्हा वडिलांच्या जमिनीतला माझ्या वाट्याचा तुकडा तेवढा माझा होता. शेजारच्या तुकड्यावर दादाचं घर, तिथेच एका खोलीत मी तूर्त राहत होते. मला दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पुढे बसायला सोपा हवा होता, बस. एका कंत्राटदाराने कागदावर आकडा लिहून दिला. तो वाचून मी त्याला चहा दिला आणि गणपतीच्या गोष्टी काढल्या.

दादा डिचोलीला खनिजाच्या ट्रकवर होता. आधी दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर, मग त्याचा स्वतःचा ट्रक झाला. खाणी बंद पडल्या तसा तो ट्रक दारात उभ्या उभ्या गंजायला लागला. शेवटी दादाने तो विकला आणि वैनीला घेऊन गावी परत आला. तेव्हापासून तो सोप्यावर बसलेला असायचा. पेपर वाचायचा, काजूच्या दिवसांत काजू गोळा करायला जायचा. बोलणं कमीच.

आमच्याकडे घर म्हणजे चिऱ्याचं. जमिनीतून कापून काढलेला तांबडा, भोकाभोकांचा दगड. पूर्वी तो कुणालाही परवडायचा. मी दादाला घेऊन एका चिरेखाणीवर गेले, म्हटलं ओळखीने काही कमी होतं का बघू. भाव ओळखीनेही परवडणारा नव्हता. दादा तिथल्या माणसाशी जुन्या ट्रकवाल्यांच्या गोष्टी बोलत राहिला आणि मी इकडेतिकडे बघत उभी राहिले. चिरे कापायच्या यंत्राखालून तांबड्या भुकटीचे ढिगारेच्या ढिगारे पडले होते. इतकी मऊ, की पाय घोट्यापर्यंत आत जायचा.

"याचं काय करता?" मी त्या माणसाला विचारलं.

"काय करणार? टाकतो," तो म्हणाला. "पावसात वाहून जाते."

माझ्या पिशवीत रिकामा डबा होता. मी तो भरून घेतला.

घरी येऊन मी ती भुकटी पाण्यात कालवली, तिचे लाडू वळले आणि दादाच्या सोप्यावर वाळत ठेवले. असं का केलं, हे मला नीट सांगता येणार नाही. मोबाईलवर मातीच्या घरांचे व्हिडिओ मी बघायची, त्यात कुणीतरी असे लाडू करून वरून टाकत होतं, एवढं लक्षात होतं. दुसऱ्या दिवशी दादा बाहेर आला आणि त्याने एक लाडू उचलला.

"ह्यां काय गो?"

"माती."

"ती दिसता माका. लाडू कित्याक वळलंस?"

"टाकून बघ खाली."

त्याने हात कमरेपर्यंत नेला आणि सोडला. लाडू टप्प करून पडला, त्याचा एक टवका उडाला, पण फुटला नाही. दादाने तो परत उचलला, छातीइतक्या उंचीवरून टाकला, मग डोक्यावरून. तिसऱ्यांदा फुटला. तुकडे हातात घेऊन त्याने बोटांनी चोळले आणि म्हणाला, "ट्रकाच्या चाकांक लागलेली माती अशीच सुकायची. पहार घेऊन ठोकून काढूची लागा."

त्या दिवशी दुपारी दादा झोपला नाही. जमिनीच्या चार कोपऱ्यांतून त्याने माती खणून आणली, ओढ्याकाठची आणली, आणि प्रत्येकीचे वेगळे लाडू केले. एका लाडवात नारळाच्या सोडणाचे तंतू घातले, एकात चुलीतली राख. सोप्यावर बसायला जागा राहिली नाही. वैनी झाडू घेऊन आली, तिने ती रांग बघितली आणि झाडू तसाच घेऊन आत गेली.

आम्ही काचेच्या बाटल्यांत माती आणि पाणी घालून हलवायचो आणि काय खाली बसतं ते बघायचो. आधी वाळू बसायची, मग बारीक गाळ, आणि चिकणमाती पाण्यातच तरंगत राहायची. एका मातीत वाळू फार निघाली, एकीत चिकणमाती फार. दोन्ही मिसळून, वर चिऱ्याची भुकटी घातली की लाडू सगळ्यांत पक्का व्हायचा. मला हे सगळं बघताना जी मजा आली तशी नोकरीत क्वचित आली होती. तिथे प्रश्न दुसऱ्याच्या दुखण्याचा असायचा. इथे चुकलं तर लाडू फुटायचा, एवढंच.

पण लाडवांचं घर होत नाही. विटा दाबून काढायचं हाताचं यंत्र लागणार होतं. डिचोलीला दादाच्या ओळखीचा एक वेल्डिंगवाला होता, जो पूर्वी ट्रकांच्या बॉड्या दुरुस्त करायचा. कुठल्याशा प्रशिक्षणासाठी आणलेलं तसलं एक यंत्र त्याच्या शेडमागे पडून होतं. आम्ही गेलो तेव्हा त्याच्यावर भोपळ्याचा वेल चढला होता. दादा आणि तो दिवसभर त्याच्याशी झटत बसले. संध्याकाळी लांब दांडा दोघांनी मिळून खाली दाबला आणि पेटीतून एक तांबडी, चौकोनी, गुळगुळीत वीट वर आली. भाजायचीही गरज नाही, नुसती सावलीत वाळवायची. यंत्र आम्ही टेम्पोत घालून आणलं, आणि ती वीट दादाने घरी येईपर्यंत मांडीवर धरून ठेवली.

गवंडी बेळगावकडचा होता. माझ्याच वयाचा, आमच्या भागात बरीच घरं बांधलेला. मला तो अक्का म्हणायचा. त्याने वीट हातात घेतली, नखाने खरवडली आणि परत ठेवली.

"अक्का, हे काय खेळ चाललंय तुमचं? गावाकडं आमचं घर मातीचंच आहे की. माझ्या बापाचं. ते पाडून सिमिटाचं बांधायचं म्हणून तर मी इथं येऊन राबतोय. आणि तुम्ही मला मातीचं बांध म्हणताय?"

"पण ही दाबलेली माती आहे. थोडा चुना घातला तर..."

"गोव्याचा पाऊस बघितलाय न्हवं तुम्ही? पडलं तर लोक तुम्हाला काही म्हणणार न्हाईत. गवंडी कोण होता, ते विचारतील."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. घराचा नकाशा काढणाऱ्या इंजिनियरनेही तळमजल्यापुरतं चालेल म्हटलं, पण पावसाचं काय ते बघा, असं सांगून अंग काढून घेतलं होतं. मग मी गवंड्याला म्हटलं, "घर नको. तू मला नुसती भिंत बांधून दे. उघड्यावर. एक पाऊस काढू दे तिला. मग ठरवू."

त्याने वीट परत उचलली. "त्यात एक तुकडा माझ्या सिमिटाच्या ब्लॉकचा घालायचा," तो म्हणाला. "बरोबरी बघायला."

अशी ती पाच तुकड्यांची भिंत ठरली. एक नुसत्या दाबलेल्या मातीचा. एक मातीत थोडं सिमेंट घातलेला. एक मातीत चुना घातलेला. एक कुडाचा, म्हणजे बांबूच्या कामट्या विणून वर शेण-माती लिंपलेली. आणि शेवटचा गवंड्याचा सिमेंटचा.

चुना आम्ही घरी केला. आमच्याकडे पूर्वी शिंपल्यांचा चुना भाजायचे, हे वडिलांकडून ऐकलं होतं, पण भट्टी कुणी पाहिलेली नव्हती. मोरजीच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या मागे तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या शिंपल्यांचे ढीग पडतात. दादा पोती घेऊन गेला आणि भरून आला. हॉटेलवाल्यांनी उलट आभार मानले. खड्डा खणून त्यात करवंट्या, कोळसा आणि शिंपल्या असे थर लावले. पहिल्यांदा शिंपल्या नुसत्या काळ्या झाल्या. पाण्यात टाकल्या, तर पाण्यात पडून राहिल्या. वैनी लांबून बघत होती. ती बांद्याकडची, बोलणं मालवणी.

"धग खंय हा तुमच्या भट्टीक?" ती म्हणाली. "वारो मारूक होयो."

दादाने वेल्डिंगवाल्याचा पंख्याचा भाता आणला. दुसऱ्या खेपेला खड्ड्याचं तोंड पांढरटपिवळं झालं, जवळ उभं राहवेना. निवल्यावर शिंपल्या आकाराने तशाच होत्या, पण हातात हलक्या लागत. बादलीत टाकल्या आणि पाणी सूं करून उसळलं. शिंपल्या फुगल्या, तडकल्या आणि आमच्या डोळ्यांदेखत पिठासारख्या पांढऱ्या झाल्या. मी चष्मा सावरत मागे सरकले. नर्सच्या सवयीने दादालाही मागे ओढलं. तो म्हणाला, "आणि एक बालदी घालूया?"

कुडाच्या तुकड्यासाठी मात्र एकदा भांडण झालं. माझ्या जमिनीच्या मागच्या अंगाला मोठं वारूळ आहे. आमच्याकडे त्याला रोयण म्हणतात. रोयणीची माती भिंतीला आणि जमिनीला सगळ्यांत चांगली, असं गावातल्या एकाने सांगितलं आणि दादा कुदळ घेऊन निघाला. वैनी आडवी आली.

"ती सातेरी हा. रोयणीक हात लावलात तर मी माहेराक जातंय."

"मूठभर माती घेतंय गो."

"मूठभर पण नाय."

दादाने माझ्याकडे बघितलं. रोयणीला देवी मानणाऱ्या गावात मीही वाढले आहे. मी म्हटलं, ओढ्याकाठची माती घेऊ. पुढे घराची आखणी करतानाही आम्ही एक खोली चार हात अलीकडे घेतली, म्हणजे रोयण कुंपणाच्या आत राहिली आणि घर तिच्यापासून लांब.

पाऊस सुरू झाला आणि भिंत गावाची झाली. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर सायकल थांबवून बघायचा आणि पुढच्या वाड्यावर बातमी द्यायचा. दुकानावर सोड्याच्या बाटलीच्या पैजा लागल्या. बहुतेकांनी गवंड्याच्या तुकड्यावर लावली होती. मी छत्री घेऊन भिंतीसमोर उभी राहायची. मुसळधार पावसात मातीच्या विटांवरून पाणी लाल होऊन वाहायचं, तेव्हा वाटायचं, ही आता जाणार. पण मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली. भिंतीचा वरचा भाग बऱ्यापैकी शाबूत होता. झिजत होता तो खालचा, जमिनीपासून हातभर. वरून पडणारा पाऊस भिंतीला तेवढं करत नव्हता. तो जमिनीवर आपटून परत उडत होता, आणि ते शिंतोडे भिंतीचे पाय खात होते.

मी दादाला हाक मारली. तो चहाचा कप घेऊनच आला, माझ्या छत्रीत वाकून बघत राहिला. मग त्याने घरातून एक जुना पत्रा आणला आणि चुन्याच्या तुकड्यासमोर जमिनीवर आडवा घातला, आणि सिमेंट-मातीच्या तुकड्यासमोर गवताचा भारा पसरला. पत्र्यावरून शिंतोडे जास्तच उडाले. गवतावर जवळजवळ उडालेच नाहीत. दोघंही भिजलो. वैनी दारातून ओरडत होती, पण आम्हाला तिथून हलवेना.

कुडाच्या तुकड्याची वेगळीच तऱ्हा. शेणात बिया असाव्यात. तो हिरवा व्हायला लागला. आधी वाटलं शेवाळ, पण पानं आली. टाकळा उगवला होता, आम्ही टायकिळो म्हणतो तो. पावसाळ्यात आमच्याकडे त्याची भाजी करतात. वैनीने एके सकाळी सूप घेऊन जाऊन सगळा कोवळा पाला खुडला आणि खोबरं घालून भाजी केली. भिंतीची भाजी मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली. चांगली होती.

उघडीप पडली की कुंभारमाशा यायच्या. नुसत्या मातीच्या तुकड्यावर बसून ओल्या मातीची गोळी तोंडात धरायच्या आणि उडायच्या. मी एकीचा माग काढला, तर ती माझ्याच खोलीच्या जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, कोपऱ्यात घर बांधत होती. चुन्याच्या तुकड्याला एकही माशी शिवली नाही. तिथे तिला गोळी निघत नसावी.

नुसत्या मातीचा तुकडा पडला तो भर दुपारी. मी आणि दादा सोप्यावर होतो. पाऊस थांबला होता. काही कारण नसताना तो तुकडा आधी थोडा कलला, आणि मग एखादा दमलेला माणूस बसावा तसा जागच्या जागी खाली बसला. आवाजही फारसा झाला नाही. मला वाटलं, आता दादा आत जाऊन पडेल आणि संपलं सगळं. पण तो उठून त्या चिखलाच्या ढिगाऱ्यापाशी गेला. उकिडवा बसला. ढिगातून त्याने मूठभर माती घेतली आणि तिचा लाडू वळला.

"परत व्हता गो," तो म्हणाला. मला कळलं नाही. मी जवळ गेले.

"हीच माती. सुकवून परत यंत्रात घातली तर परत वीट." त्याने लाडू दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, "इतकी वर्सां मी माती व्हायली. ट्रक भरायचो, नदीतल्या बार्जीर ओतायचो. थंयसून मुरगावाक, थंयसून बोटीत. गेली ती गेली. एक मूठ परत येऊक नाय."

मी त्याच्याजवळ बसले. मीही ढिगातली माती घेऊन एक लाडू वळला. खाणी सुटल्यावर त्या वर्षांत काय गेलं, हे तो आपणहून बोलला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

गवंडी मधूनमधून यायचा. लोकांना वाटायचं तो माझी भिंत बघायला येतो, पण तो आधी आपल्याच तुकड्याकडे जायचा. सिमेंटचा तुकडा घट्ट उभा होता, त्यात वाद नव्हता. पण तो काळा पडला होता, आणि त्याच्या मागच्या अंगाला हात लावला तर ओल लागायची. गवंड्याने एकदा तिथे तळहात टेकवला, मग चुन्याच्या तुकड्याच्या मागच्या अंगाला टेकवला. परत इकडे, परत तिकडे.

"प्लास्टर केलं की माझ्यात ओल येणार न्हाई," तो म्हणाला.

"नाही येणार," मी म्हटलं.

"पण तुमच्यात प्लास्टर न करताच कमी हाय." हे त्याने मला सांगितलं की स्वतःला, कोण जाणे. पावसाच्या शेवटी त्याने छिन्नी घेऊन चुन्याच्या विटेचा कोपरा फोडून बघितला. छिन्नी दोनदा घसरली. मग म्हणाला, "जोतं मात्र चिऱ्याचं. गुडघाभर उंच. आणि छप्पर हातभर बाहेर काढायचं. कबूल असेल तर बांधतो."

आम्ही हेच म्हणणार होतो. सिमेंट घातलेल्या मातीचा तुकडाही टिकला होता, पण चुना घरचा होता आणि सिमेंट विकतचं.

जोत्यासाठी चिरे मिळाले एका पाडलेल्या कुंपणाचे. म्हापशाच्या बाजूला जुनी कौलारू घरं पाडून स्लॅब घालतात, तिथून मंगळुरी कौलं आणली. बरीच शेवाळलेली, पण धड. दारं-खिडक्याही जुन्याच घेतल्या. त्यातली एकही दुसरीच्या मापाची नव्हती. गवंड्याने आधी सगळी जनेलं अंगणात मांडली आणि त्यांच्या मापाने भिंती आखल्या. त्याने पूर्वी असं कधी केलं नव्हतं. काम करताना तो शिव्याही घालायचा आणि मध्येच थांबून लांबून बघायचाही.

सगळंच साधलं असं नाही. न्हाणीची भिंतही आम्ही हट्टाने चुन्या-मातीचीच केली, ती आतून पाणी पिऊन फुगली. पाडून चिऱ्याची करावी लागली. जुन्या दाराच्या एका चौकटीत वाळवी होतीच, ती आमच्याबरोबर घरात आली. मातीची जमीन चोपायला शेजारच्या चार बायका आल्या, दिवसभर गप्पा मारत चोपली, आणि आठवड्यात तिला भेगा पडल्या. रोयणीची माती असती तर पडल्या नसत्या, असं दादा वैनीला ऐकू जाईल असं म्हणाला. वैनीने ऐकलं नाही. भेगा चुन्याने बुजवल्या, त्या अजून पांढऱ्या दिसतात.

गवंड्याने पुढच्या उन्हाळ्यात गावाकडचं बापाचं घर पाडलं आणि सिमेंटचं बांधलं. मला सांगताना तो जरा दुसरीकडे बघत होता. "गच्ची लागते अक्का. मिरच्या वाळवायच्या असतात." मी म्हटलं, लागतेच की. मग तो यंत्राची चौकशी करायला लागला. गोठ्यासाठी न्यायचं म्हणत होता.

दादाला आता लोक बोलावतात. कुणी कुंपणासाठी, कुणी एखादी खोली वाढवायला. यंत्र पिकअपमध्ये घालून तो जातो, दोन-चार दिवस राहतो, आल्यावर तिकडची माती कशी होती ते जेवताना सांगत बसतो. डिचोलीच्या खाणींच्या टाकाऊ मातीची वीट होते का, हे त्याला बघायचं आहे. अजून तरी ती पाण्यात नीट बसत नाही, वीट भुसभुशीत निघते. काय मिसळावं याचा विचार चालू आहे.

वैनीने घर होईपर्यंत एकही चांगला शब्द काढला नाही. वास्तूच्या दिवशीसुद्धा तिने भिंतीला बोट लावून बघितलं, लाल लागतं का म्हणून. मग एप्रिल आला. त्यांच्या घरावर गेल्या काही वर्षांत स्लॅब झाला आहे, आणि दुपारी तो तापतो. एका दुपारी वैनी पाणी प्यायला म्हणून माझ्याकडे आली, आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली आणि तिथेच झोपली. दुसऱ्या दिवशी येताना चटई घेऊन आली. तिसऱ्या दिवशी चटई तिने न्यायचं सोडून दिलं. आता तिच्या मागोमाग दादाही येतो, आणि माझ्या घरात दुपारी पाठ टेकायला मला सोप्यावर जावं लागतं.